हैदराबादेत दिसलेला माणूस

करजवाडी
२२ एप्रिल १९८३

ती. अण्णास,
कमळीचा शरणार्थी, नमस्कार.

इकडं सगळं ठीक हाय असं पहिल्या ओळीत लिहायची सवय. आज तसं लिहिलं तर खोटं होईल, म्हणून सरळ लिहिते.

आमच्या वरच्या शेतातली जुनी विहीर तुम्ही बघितली हाय. बहात्तरच्या दुष्काळामागं पहिला मोठा पाऊस रातभर झाला आन् सकाळी तिची एक बाजू ढासळली. तवापासून ती तशीच बुजून पडली होती. औंदा गावात प्यायला पाणी न्हाई. नवा जिल्हा झाल्यापासून लातूरचे साहेब जीप घेऊन येतात, पडक्या विहिरी उकरायचं काम निघालं, त्यात आमची बी विहीर धरली. मंगळवारी अठरा हात खाली, खणणाऱ्या भीमाच्या टिकावाला हाडं लागली. माणसाची.

मी भाकरी घेऊन गेलते. काठावर सगळे उभे होते. भीमा वर आला तो हातात गाळाचा गोळा घेऊन. धुतला तर गळ्यातली चांदीची डबी निघाली, करडगी. आत लिंग जागच्या जागी. कडीपाशी तांब्याची तार गुंडाळलेली.

अण्णा, ती तार मी बांधलेली हाय. लग्नाच्या दुसऱ्या वर्सी कडी तुटली. औशाच्या सोनाराकडं जायला ह्यांना सवड न्हवती. मी तीन वेढे दिले आन् टोक आत मुडपलं, छातीला टोचू नये म्हणून. तीनच वेढे हायेत. टोक आत हाय.

हे कुठं गेलेच न्हवते. बापाशी भांडून, हैदराबादला कामाला जातो म्हणून त्याच पहाटे निघाले, ते दहा वर्सं शेतातच होते.

पोलीस आले, पंचनामा झाला, हाडं पोत्यात भरली, करडगी कागदात बांधली. मामंजींना विचारलं, ही तुमच्या मुलाची का? ते म्हणले, “माझा मुलगा हैदराबादेत हाय.” एवढं म्हणून काठी टेकत घरी आले. मी ती ह्यांचीच हाय म्हणून सांगितलं, फौजदारानं ते लिहिलं का न्हाई ठाऊक न्हाई.

तुमच्या त्या उदगीरच्या माणसानं ह्यांना हैदराबादेत बघितलं होतं हे मी विसरले न्हाई. पण मग करडगी विहिरीत कशी आली? तुम्ही कायद्याचं जाणता. हाडं ताब्यात घेऊन मातीला कशी द्यायची तेवढं लिहा. महानंदा तवा पोटात होती. तिनं बाप कवा बघितला न्हाई, आन् मंगळवारी बघितला तो असा.

तुमची,
कमळी


कंधार
१ मे १९८३

चि. सौ. कमलम्मास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. तुझ्या वैनीला वाचून दाखवलं, ती रडली. पण मी तुझा मोठा भाऊ आहे, मला रडून चालणार नाही.

वीस वर्षं मी तहसीलीसमोर बसून लोकांचे अर्ज लिहितो. माणसानं डोळ्यांनी पाहिलेलं आणि कागदावर टिकणारं ह्यात किती अंतर असतं, हे रोज बघतो. तू म्हणतेस तार तू बांधलीस. मी मानतो. पण फौजदार म्हणेल, तांब्याची तार शंभर जणांनी बांधली असेल. करडगी म्हणशील तर ती आपल्या प्रत्येकाच्या गळ्यात असते. ढासळलेल्या विहिरीत कोणी वाटसरू, कोणी जंगमही सापडलेला असू शकेल. एका डबीवरून माणूस ठरत नाही.

त्यापेक्षा एक सरळ रस्ता आहे. सात वर्षं ज्याची खबर नाही तो मयत आहे असं कायदा धरतो. शिवलिंगरावांना दहा होतील. आपण कोर्टात तसा अर्ज करू, मसुदा मी करतो. वेळ लागेल, पण पक्का कागद होईल. हाडांच्या मागं तू लागू नकोस. दवाखान्यातलं, ठाण्यातलं ते बायकांचं काम नव्हे.

एक विचारतो. शिवलिंगराव हरवल्याची त्र्याहत्तरची जुनी मिसल आहे, ती कोणी काढली आहे का? काढली नसेल तर तू होऊन काढायला लावू नकोस. जुने कागद उकरले की कामं लांबतात.

मामंजींना नमस्कार. त्यांना दुखवू नकोस.

तुझा,
गुरुपाद


करजवाडी
२० मे १९८३

ती. अण्णास,
शरणार्थी.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. सात वर्सं खबर न्हाई म्हणून मेला असं धरायचं, आन् हाडं पोत्यातच राहू द्यायची? मला धरायचं काही न्हाई अण्णा. मला त्यांना मातीला द्यायचं हाय.

विहिरीत अजून एक वस्तू निघाली, ते मागच्या पत्रात राहिलं. पितळी लोटा. तवा मला सगळं कळलं. ते मोटार धरायच्या आधी अंघोळ करून लिंगपूजा करायला विहिरीच्या पायऱ्या उतरले. पूजा केल्याबिगर ते कवाच गावाबाहेर पडायचे न्हाईत. रातभराच्या पावसानं काठ भिजला होता, तो वरून आला. दुसरं काही झालं न्हाई.

पण दुसऱ्यांना दुसरं दिसतंय. दवाखान्याच्या डॉक्टरनं लिहिलं, पुरुष, वय पंचवीस ते चाळीस, मरून पाच ते पंधरा वर्सं, मरणाचं कारण सांगता येत न्हाई. गावात कोणी म्हणतंय, बापाच्या बोलण्यानं उडी घेतली. कोणी म्हणतंय, कोणीतरी ढकललं. गावचे पंचाक्षरी स्वामी म्हणले, गळ्यात लिंग असताना गेला त्याला चौकशी कशाला. आन् फौजदार म्हणतो, लोटा बी बेवारस, करडगी बी बेवारस. प्रत्येक जण तेच पोतं बघायलाय आन् प्रत्येकाला त्यात वेगळा माणूस दिसायलाय.

मामंजी जेवतात, उठतात, देवपूजा करतात. विहिरीचं नाव काढलं की उठून बाहेर जातात.

तुम्ही जुनी मिसल काढू नको म्हणला, पण फौजदारच म्हणला की तिच्याबिगर पुढं काही होणार न्हाई. म्हणून मी लातूरला गेलते. तिथं नव्या कचेरीत म्हणले, जुने कागद उस्मानाबादेतच हायेत. उस्मानाबादला गेले तर म्हणले, तुमच्या तालुक्याचे गठ्ठे लातूरला पाठवले. शेवटी एका म्हाताऱ्या कारकुनानं नाव लिहून घेतलं आन् शोधतो म्हणला. त्याला माझी दया आली असावी.

सापडली की कळवते.

कमळी


करजवाडी
१२ जून १९८३

ती. अण्णास,
शरणार्थी.

मिसल सापडली. फौजदारानं मला समोर बसवून वाचून दाखवली. मी तुम्हाला त्यातलं आठवेल तसं लिहिते.

१९ ऑगस्ट १९७३. जबाब देणार गुरुपादप्पा, राहणार कंधार, हरवलेल्या इसमाच्या बायकोचा सख्खा भाऊ. उदगीरचे कापडाचे फेरीवाले ईश्वरप्पा ह्यांनी सदर इसमास हैदराबादच्या मोटार अड्ड्यावर समक्ष पाहिलं. बोलणं झालं. इसम खुशाल आहे. हातात निळी पिशवी होती. घरी परत येण्यास तयार नाही.

त्याच्या खाली जमादारानं लिहिलंय, सबब शोध बंद.

फौजदार वाईट माणूस न्हाई. तो म्हणला, “बाई, तुमचा सख्खा भाऊ सांगतो तो जिवंत आहे. त्याचा बाप सांगतो जिवंत आहे. मग मी ही हाडं कोणाची म्हणून तुम्हाला देऊ?” पावसाळा संपेपर्यंत ठेवतील, मग त्यांच्या रीतीनं विल्हेवाट लावतील. विल्हेवाट हा शब्द त्यानंच वापरला.

आता एकच करा. त्या ईश्वरप्पाला घेऊन या. त्यानं बघितलेला माणूस दुसराच होता, गडबडीत ओळखायची चूक झाली, एवढं त्यानं सांगितलं की झालं. म्हातारा असेल तर मी गाडी करून आणते.

कमळी


कंधार
१८ जून १९८३

चि. सौ. कमलम्मास आशीर्वाद.
कार्डावर थोडक्यात लिहितो. ईश्वरप्पा पाच वर्षांपूर्वी वारले. उदगीरला त्यांचं आता कोणी नाही. तू त्रास घेऊ नकोस. माझी तब्येत बरी नाही, बरं वाटलं की सविस्तर लिहीन.
गुरुपाद


करजवाडी
३ जुलै १९८३

ती. अण्णास,

तुमचं कार्ड मिळालं. मी शेजारच्या नागाबाईला संगं घेऊन उदगीरला जाऊन आले.

तुमच्यावर विश्वास न्हवता म्हणून गेले न्हाई. मला वाटलं, माणूस गेला असेल पण बायको असेल, लेक असेल, कधी बोलता बोलता त्यानं घरी सांगितलं असेल की करजवाडीचा माणूस भेटला होता. दहा वर्सं मी त्या भेटीवर जगले. त्या घराच्या उंबरठ्याची माती तरी बघावी असं वाटलं.

कापडाच्या गल्लीत विचारलं. मठात विचारलं. शांतम्मा म्हणून ऐंशी वर्सांची एक म्हातारी हाय, तिला गल्लीतला प्रत्येक फेरीवाला ठाऊक. ती म्हणली, आमच्यात ईश्वरप्पा तिघं. एक किराणावाला, एक मास्तर, एक तरणाताठा. कापडाची फेरी करणारा ईश्वरप्पा ह्या गावात कवा झालाच न्हाई.

येताना मोटारीत नागाबाई खिडकीबाहेरच बघत बसली. तिला कळलं होतं. मला बी कळलं होतं, पण मी तुमच्या तोंडून ऐकल्याबिगर मानणार न्हाई.

अण्णा, तो माणूस होता का?

कमळी


कंधार
११ जुलै १९८३

चि. कमलम्मास,

हे बंद पाकिटातून पाठवतो आहे. तुझ्याशिवाय कोणी वाचू नये. नंतर तुला वाटलं तर कोणालाही दाखव.

तो माणूस नव्हता.

त्या श्रावणात मी करजवाडीला आलो तेव्हा तुला पाचवा महिना होता. जमादार तुला रोज चावडीवर बोलावत होता आणि उन्हात उभी ठेवत होता. नवरा कुठं घातला, असं विचारायचा. मामंजींनाही विचारायचा. गावात कुजबुज सुरू झाली होती की सासऱ्यानं आणि सुनेनं मिळून काही केलं असेल. तू जेवण सोडलं होतंस. मला दिसत होतं की महिनाभरात एक तर तू जाशील, नाही तर पोटातलं जाईल.

मी परत कंधारला निघालो होतो. लातूरच्या अड्ड्यावर मोटारीची वाट बघताना माझ्या मनात तो माणूस तयार झाला. मला अर्ज लिहिता लिहिता एक कसब आलंय. खोट्यात एक खरा तपशील घातला की सगळं खरं वाटतं. शिवलिंगरावांची निळी पिशवी घरात नव्हती, हे तूच मला सांगितलं होतंस. मी ती ईश्वरप्पाच्या बोलण्यात घातली. पुढची मोटार सोडली, परत आलो, आणि सरळ चावडीवर जाऊन जबाब दिला. जमादार खूश झाला, त्यालाही कागद बंद करायचा होता. त्या दिवशी तू भाकरी खाल्लीस.

वर्षभरानं तू मला विचारलंस, पिशवी निळीच होती ना? मी हो म्हणालो. तेव्हा सांगायला हवं होतं. पण महानंदा रांगत होती, तू कपाळाला कुंकू लावून दारात उभी होतीस, आणि मला वाटलं, शिवलिंगराव खरंच हैदराबादेत असतील, आज ना उद्या येतील आणि माझं खोटं आपोआप खरं होईल. इतकी वर्षं मी तेच म्हणत आलो.

अजून एक सांगतो, ते सगळ्यात जड आहे. जमादार तेव्हा गावातल्या विहिरी बघत होता. दोन झाल्या होत्या. ढासळलेली म्हणून तुमची शेवटी ठेवली होती, दुसऱ्या दिवशी माणसं उतरणार होती. माझ्या जबाबानंतर ती उतरली नाहीत.

मी तुला वाचवायला गेलो आणि तुझ्या नवऱ्याला तिथं ठेवून आलो. तुझ्या मुलीला लोक पळपुट्याची पोर म्हणतात ते माझ्यामुळं. मी तुझी माफी मागत नाही. तहसीलदारांपुढं चौकशी होईल तेव्हा येऊन सगळं सांगेन. माझा अर्ज लिहायचा परवाना जाईल, जाऊ दे.

गुरुपाद


करजवाडी
१४ ऑगस्ट १९८३

अण्णा,

तुमचं पाकीट येऊन महिना झाला. चुलीपुढं बसून वाचलं. चुलीत घालावं वाटलं, घातलं न्हाई.

तुम्ही ह्या खेपेला सौभाग्यवती लिहिलं न्हाई. दहा वर्सं लिहीत होता, प्रत्येक पत्रावर. लिहिताना तुमचा हात थांबायचा का, एवढंच मला विचारायचं होतं. उत्तर देऊ नका.

तहसीलदार साहेबांकडं तारीख ५ सप्टेंबर लागली हाय. समन्स तुम्हाला आन् मामंजींना हाय. मला न्हाई. मी विचारलं तर कारकून म्हणला, बाईंचा जबाब ठाण्यात झालाय, पुन्हा गरज न्हाई. मामंजींनी गावातल्या लक्ष्मणरावांना सोबत यायला सांगितलंय.

तुम्ही या आन् तिथूनच परत जा. घरी येऊ नका. अजून मला तुमच्यापुढं ताट ठेवता येणार न्हाई.

कमळी


कंधार
८ सप्टेंबर १९८३

चि. कमलम्मास,

तू सांगितलंस तसा आलो आणि तसाच परत गेलो. तिथं काय झालं ते तुला कोणी नीट सांगणार नाही, म्हणून लिहितो.

मी शपथेवर सगळं सांगितलं. ईश्वरप्पा खोटा, भेट खोटी, पिशवीची गोष्ट खोटी. साहेब तरुण आहेत, शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय? मी कोणतं खरं धरू?”

मी म्हणालो, आता खरं बोलण्यात माझं नुकसानच आहे. ते म्हणाले, बहिणीला हाडं मिळावीत हा फायदाच की. दुसऱ्यांच्या तोंडी घालायला मी वीस वर्षं उत्तरं लिहिली, माझ्यासाठी एक सापडलं नाही. नंतर त्यांनी मिसल उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाले, गंमत म्हणजे ह्या जबाबावर सहीच नाही, कोर्टात ह्याची किंमत शून्य. शून्य किमतीच्या त्या कागदावर दहा वर्षं गेली, कमळ.

मग त्यांनी करडगी मामंजींपुढं ठेवली. मामंजींनी ती उघडली. लिंग डाव्या तळहातावर घेतलं, पूजेला घेतात तसं, आणि बराच वेळ बघत राहिले. लक्ष्मणराव तोंड फिरवून उभे होते. शेवटी मामंजींनी लिंग परत आत ठेवलं आणि म्हणाले, माझा मुलगा हैदराबादला आहे. साहेबांनी लिहिलं, बापाने ओळखले नाही.

बाहेर आल्यावर ते माझ्यापाशी आले. मला वाटलं, काठी उगारतील. ते म्हणाले, “निघताना मी त्याला म्हणलो होतो, परत तोंड दाखवू नको. तुम्ही तो हैदराबादेत हाय म्हणून सांगितलं, तवा माझ्या घशाखाली घास उतरला. आता तुम्हीच त्याला मारायला आला.” एवढं बोलून मोटारीकडं चालू लागले. मी तिथंच पायरीवर बसलो.

आता कामाचं. मयत अनोळखी, असा शेरा होणार. पण साहेबांनी मला परत आत बोलावलं आणि नियम सांगितला. गळ्यात लिंग होतं म्हणून मयत लिंगायत, एवढं सरकार मानतं. बेवारस मयत त्याच्या समाजातलं कोणीही अंत्यविधीसाठी मागू शकतं. त्याचा छापील अर्ज असतो. तो भरून सोबत पाठवला आहे. सहीची जागा दाखवली आहे.

त्यात एक रकाना आहे, अर्जदाराचं मयताशी नातं. तिथं पत्नी लिहिलंस तर अर्ज परत येईल, कारण दप्तरी तुझा नवरा जिवंत आहे. तिथं ‘नाही’ लिहावं लागेल. बाकी सगळे रकाने मी भरले. हा माझ्यानं भरवला नाही.

माझ्या परवान्याबद्दल इकडच्या कचेरीला कळवतो म्हणाले आहेत. ती तुझी काळजी नव्हे.

गुरुपाद


करजवाडी
२९ सप्टेंबर १९८३

ती. अण्णास,
कमळीचा शरणार्थी.

झालं. सोमवारी दिलं मातीला.

अर्ज चार दिवस फळीवर होता. महानंदा म्हणली, आई, मी लिहू का? तिचं अक्षर चांगलं हाय. मी तिला लिहू दिलं न्हाई. लग्नाला अकरा वर्सं झालेली बायको मी, माझ्या हातानं लिहिलं, ‘नाही’. लिहिताना वाटलं होतं तसं काही झालं न्हाई. शाई वाळली, घडी घातली, पाठवलं.

हाडं दिली. करडगी दिली न्हाई. चांदी हाय म्हणून ती बेवारस माल, सरकारजमा. आतलं लिंग दगडाचं, ते कागदात गुंडाळून दिलं. तार बी करडगीसंगं गेली.

वरच्या शेतात विहिरीपासून वीस पावलांवर खड्डा घेतला. भीमानं खणला. आपल्यात बसवून माती देतात, हाडं बसवता येत न्हाईत, पण पंचाक्षरी स्वामींनी जमेल तशी रचली आन् डाव्या हाताच्या बाजूला लिंग ठेवलं. विभूती, बेल, मीठ. गावातली पन्नास-साठ माणसं आली होती. दहा वर्सं ज्यांनी पळपुटा म्हणलं ती बी होती. मामंजी न्हवते. सकाळी काठी घेऊन कुठं तरी गेले होते.

स्वामींनी मला विचारलं, नाव काय घेऊ? कागदावर अनोळखी लिहिलंय, आन् त्यांना बी पोलिसांची धास्ती. मी तोंड उघडलं. ह्यांचं नाव मी जन्मात घेतलं न्हवतं, ते जिभेवर येईना. सगळे माझ्याकडं बघत होते.

तवा मागून आवाज आला. “शिवलिंग. शिवलिंग बसलिंगप्पा म्हणा.”

मामंजी बांधावर उभे होते. कवा आले कोणाला कळलं न्हाई. स्वामींनी तसंच नाव घेतलं. मामंजी खाली आले, वाकता येत न्हाई तर गुडघ्यावर बसले आन् पहिली माती त्यांनी दिली. मग मी दिली, मग महानंदानं.

मी कुंकू पुसलं. विभूती लावते. महानंदाच्या मास्तरांनी तिला विचारलं तर ती म्हणली, माझे वडील वारले, आमच्या शेतात हायेत. आता तिला कोणी काही म्हणत न्हाई.

तुम्ही म्हणाल, मामंजींनी पन्नास माणसांपुढं नाव घेतलं, आता हे साहेबांना कळवू, शेरा बदलून घेऊ. कळवू नका. का ते सांगते.

काल कारकून आला होता. नवा जिल्हा म्हणून रेशनची नवी कार्डं करायलेत. मामंजी ओसरीवर बसले होते, त्यांना विचारलं, घरात माणसं किती? मामंजी म्हणले, चार. कारकुनानं नावं विचारली. त्यांनी सांगितली. माझं, महानंदाचं, स्वतःचं. चौथं शिवलिंग, कामाला हैदराबादला, असं म्हणले. सोमवारची माती अजून त्यांच्या नखात होती.

कारकुनानं माझ्याकडं बघितलं, बरोबर हाय का म्हणून. मी दारात उभी होते. मामंजी माझ्याकडं बघत न्हवते, काठीच्या टोकाकडं बघत होते. त्यांनी सकाळपासून काही खाल्लं न्हवतं. मला तवा तुमची आठवण झाली अण्णा. तुम्ही चावडीवर कसे उभे राहिला असाल, ते दिसलं.

राग गेला न्हाई. तो जाईल का न्हाई मला सांगता येत न्हाई. पण दिवाळीत या, वैनीला बी आणा. ताट ठेवीन.

मी कारकुनाला हो म्हणले. त्यानं चार लिहिले. मग मी आत जाऊन मामंजींना भाकरी वाढली, त्यांनी खाल्ली.

तुमची,
कमळी